तुरुंगाची कोठी आणि आपली कणगी

(अंबड, जि. नाशिक येथील जिल्हा बैठकीत मांडलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेत कापूस आणि ज्वारी यांच्या खाली 'तुरुंगांची खरेदी' असा एक विषय घातला आहे. तो वाचून काही जणांनी विचारले, तुरुंगाच्या डाळ-भाकरीशी आपला काय संबंध? संबंध तीन ठिकाणी आहे.

पहिला संबंध पैशाचा. तुरुंगात रोज जे शिजते त्याचे बिल सरकारी तिजोरी भरते. त्या तिजोरीत डिझेलपासून अंगावरच्या कापडापर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण भरलेला कर आहे. दुसरा संबंध मालाचा. धान्य, डाळ, कांदा, तेल, चादर, सतरंजी हे जे तुरुंग विकत घेतो ते मुळात आपल्या रानातून निघते. तिसरा संबंध माणसांचा. आत बसलेली माणसे परमुलखातली नाहीत. बांधाच्या भांडणात हात उचलला तो आपल्या गावचा, आणि जामीन मिळूनही जामीनदार सापडला नाही म्हणून आत राहिलेला ऊसतोडीवाला, तोही आपल्याच गावचा.

चळवळीच्या माणसाला तुरुंग नवा नाही. नोव्हेंबर १९८० मध्ये याच नाशिक जिल्ह्यात कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडले तेव्हा हजारो शेतकरी अटकेत गेले. आपल्यातल्या जुन्या माणसांनी तुरुंगाचे ताट पाहिले आहे. 'कैद्याला काय, काहीही चालते' असे कोणी म्हटले तर ते त्यांना पटणार नाही.

आपण आज अंबडला बसलो आहोत. एके काळचे हे शेतीचे गाव आता कारखान्यांसाठी ओळखले जाते. याच शहराच्या दुसऱ्या अंगाला नाशिकरोडचे मध्यवर्ती कारागृह आहे, १९२७ साली सुरू झालेले. साने गुरुजींनी १९३३ साली 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगातच लिहिली. तिथे विणकाम, शिवणकाम, सुतारकाम चालते आणि तयार माल बाहेर विकायलाही येतो. म्हणजे मोठा घेणारा आणि थोडाफार बनवणारा असा एक कारभार आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला आहे. त्याच्या कोठीत माल कोणत्या वाटेने जातो, हे आपण कधी विचारले आहे काय?

किती तोंडे, किती माल

देशातल्या तुरुंगांची सरकारी आकडेवारी दर वर्षाची निघते. २०२२ सालच्या आकडेवारीप्रमाणे देशभरात ५,७३,२२० माणसे तुरुंगात होती आणि अधिकृत जागा होती ४,३६,२६६ जणांची. महाराष्ट्रात त्या वर्षी जागा सुमारे २५ हजारांची, आणि आत माणसे ४० हजारांहून अधिक. एवढ्या माणसांना सकाळचा चहा-नाश्ता आणि दोन वेळचे जेवण द्यायचे तर खरेदी लहान राहत नाही.

कोट्यवधींचे आकडे ऐकून डोके सुन्न होते, म्हणून आपल्या हिशेबाने बघू. तीन हजार माणसांचा एक तुरुंग धरा आणि माणशी रोज १०० ग्रॅम डाळ धरा. हा हिशेब समजण्यापुरता आहे, कोणत्याही तुरुंगाच्या वहीतला नाही. रोजची डाळ झाली ३ क्विंटल, वर्षाची १,०९५ क्विंटल. तुरीपासून सत्तर टक्के डाळ निघते असे धरले तर त्यासाठी साडेपंधराशे क्विंटलच्या वर तूर लागेल. कोरडवाहू रानात एकरी ४ क्विंटल धरले तर जवळपास ४०० एकरांची तूर झाली. एका तुरुंगाची नुसती डाळ म्हणजे दोन-तीन गावांचे तुरीचे शिवार.

आता याच डाळीत किलोमागे १० रुपये जास्त गेले तर वर्षाला जवळपास ११ लाख रुपये जास्त गेले. ते कोणाकडे गेले? तूर पिकवणाऱ्याकडे गेले असते तर गावात दिसले असते. कैद्याच्या ताटात गेले असते तर वरण घट्ट झाले असते.

तुरुंगाच्या खरेदीत पैसा वाचवायचा असेल तर तो वाचवण्याच्या जागा चारच आहेत. कैद्याच्या ताटातून, शेतकऱ्याच्या भावातून, शेतापासून ताटापर्यंतच्या वाटेतून, किंवा आत बसलेल्या माणसांच्या संख्येतून. पहिल्या दोन ठिकाणी हात घालणे सोपे असते, कारण तिथला माणूस ओरडला तरी आवाज मंत्रालयापर्यंत पोचत नाही. आमचे म्हणणे असे आहे की खरी बचत शेवटच्या दोन ठिकाणी आहे. ते का, हे एकेक करून बघू.

ताटातून वाचवलेला पैसा

ताटातून पैसा वाचवण्याचा प्रयोग अमेरिकेने करून पाहिला आहे. तिथल्या अलाबामा राज्यात एक जुना कायदा होता. शेरीफ म्हणजे जिल्ह्याच्या पोलिसाचा आणि तुरुंगाचा प्रमुख. त्याला प्रत्येक कैद्याच्या जेवणासाठी दिवसाला १ डॉलर ७५ सेंट मिळत, आणि खर्च करून जे उरेल ते तो स्वतः ठेवू शकत असे. मॉर्गन काउंटीच्या ग्रेग बार्टलेट नावाच्या शेरीफने तीन वर्षांत असे २ लाख १२ हजार डॉलर घरी नेले. मक्याच्या पिठात बुडवून तळलेल्या सॉसेजचा एक ट्रकभर माल त्याला स्वस्तात मिळाला, तर त्याने कैद्यांना कित्येक आठवडे दिवसातून दोनदा तेच खायला घातले. जानेवारी २००९ मध्ये न्यायाधीशाने त्यालाच एक रात्र कोठडीत ठेवले. उरलेला पैसा जेवणाच्याच खात्यात राहिला पाहिजे, असा कायदा त्या राज्यात व्हायला २०१९ साल उजाडले.

दुसरे राज्य मिशिगन. तिथल्या सरकारने २०१३ च्या अखेरीस तुरुंगाचा स्वयंपाक एका खासगी कंपनीला दिला. वर्षाला सव्वा कोट डॉलरच्या आसपास वाचतील असे गणित मांडले आणि स्वयंपाकघरातली साडेतीनशेहून अधिक सरकारी माणसे कमी केली. पुढच्याच वर्षी जेवण कमी पडू लागले, स्वयंपाकघरात अळ्या सापडू लागल्या. २०१५ साली ती कंपनी गेली, दुसरी आली, तिच्याही तक्रारी झाल्या. शेवटी २०१८ साली सरकारने स्वयंपाक परत आपल्या माणसांकडे घेतला.

या दोन गोष्टींतून आपण एवढेच घ्यायचे. ज्याच्या ताटातून वाचवायचे त्याला दुसऱ्या खानावळीत जाता येत नाही. बाजारात माल खराब निघाला तर गिऱ्हाईक दुकान बदलते. कैद्याला ती सोय नाही. म्हणून इथे स्वस्त आणि मस्त ठरवायचे काम बाजारावर सोपवता येत नाही. मालाचे वजन, जात आणि ताजेपणा रोज कोणीतरी बाहेरच्याने तपासावा लागतो. आपल्याकडे तुरुंगाला भेट देण्यासाठी अभ्यागत मंडळाची तरतूद आहे. त्यात सरकारी माणसांबरोबर बिनसरकारी माणसेही नेमता येतात. धान्य पारखणारा एखादा जाणता शेतकरी त्यात का नसावा? ज्वारी दाताखाली धरून ती किती ओली आहे हे सांगणारी माणसे या मांडवात पन्नास निघतील.

भावातून वाचवलेला पैसा

दुसरी जागा शेतकऱ्याचा भाव. याचा अनुभव घ्यायला आपल्याला अमेरिकेला जावे लागत नाही. ज्वारीची लेव्ही ज्यांनी भरली आहे त्यांना आठवत असेल. बाजारात भाव चढा असला तरी सरकारला ठरल्या दराने ठरले तेवढे पोते घालायचे. सरकारला धान्य स्वस्त पडले असे कागदावर दिसे. ते स्वस्त पडत नव्हते. फरकाची रक्कम सरकारच्या खात्याऐवजी आपल्या खात्याला नावे पडत होती. कापसाची एकाधिकार खरेदी १९७२ साली सुरू झाली तेव्हाही एकच घेणारा ठेवला गेला. घेणारा एकच असला की विकणाऱ्याच्या हातात काय उरते, हे कापूस उत्पादकाला वेगळे सांगायला नको.

म्हणून आम्ही आधीच स्पष्ट करतो की तुरुंगाने, दवाखान्याने किंवा वसतिगृहाने आपला माल बाजारापेक्षा चढ्या दराने घ्यावा, अशी आमची मागणी नाही. तसा दर आज मिळाला तर उद्या कोणीतरी त्याला दान म्हणेल. पण स्वस्त खरेदीच्या नावाखाली हमीभावापेक्षा खाली पाडून घेतलेला माल सरकारी कोठीत जाऊ नये, एवढे तरी सरकारने पाळावे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने जाहीर केलेला हमीभाव तुरीला क्विंटलमागे ८,००० रुपये आहे. संकरित ज्वारीला ३,६९९, मालदांडीला ३,७४९, मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये आहे. एका खात्याने भाव जाहीर करायचा आणि दुसऱ्या खात्याने त्याहून खाली पाडून घेतलेला माल ठेकेदाराकडून उचलायचा, हे एकाच सरकारला शोभत नाही.

मधली वाट

आता तिसऱ्या जागेकडे येऊ. शेतातून निघालेली तूर तुरुंगाच्या कोठीत पोचेपर्यंत तिला किती हात लागतात? गावातला खरेदीदार, बाजार समितीतला अडत्या, व्यापारी, डाळमिल, घाऊक दुकानदार, आणि शेवटी निविदा भरणारा ठेकेदार. प्रत्येक हात फुकट काम करत नाही आणि प्रत्येक हात चोरही नाही. दळण, भरड, वाहतूक, साठवण यांना खर्च येतोच. पण काही खर्च सरकारच्या स्वतःच्या पद्धतीने वाढतात. तीन मुख्य आहेत.

पहिला खर्च उशिराचा. सरकारी बिल सहा महिने अडकणार हे ठेकेदाराला माहीत असते. महिन्याला दीड टक्का व्याज धरले तर शंभर रुपयांच्या मालावर सहा महिन्यांचे ९ रुपये होतात. तो हे ९ रुपये खिशातून घालत नाही, दरातच धरतो. बिल पंधरा दिवसांत मिळेल अशी खात्री सरकारने दिली, तर एक दाणा कमी न करता दर उतरेल. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यायचे, असा कायदा २००६ सालचाच आहे. डाळमिल चालवणाऱ्या आपल्या एखाद्या कंपनीने उद्योग म्हणून नोंदणी केली तर तिलाही हा कायदा मागता येतो.

दुसरा खर्च वर्षभराच्या एका दराचा. तूर खळ्यावर येते ती पौष-माघात. तेव्हा बाजार भरलेला असतो आणि भाव पडलेला असतो. श्रावणात तीच तूर चढते. वर्षभर एकाच दराने पुरवठा करायचा म्हटल्यावर ठेकेदार श्रावणातला भाव धरून वर थोडा धोकाही धरतो. तुरुंगाने हंगामात सहा-आठ महिन्यांचा माल हमीभावाने घेऊन वखारीत ठेवला तर? राज्य वखार महामंडळ १९५७ सालापासून आहे. साठवणुकीचे भाडे आणि घट धरूनही हा व्यवहार कितीला पडतो, याचा हिशेब कारागृह खात्याने एकदा मांडून दाखवावा. हंगामात एक मोठा घेणारा बाजारात उतरला तर पडत्या भावाला टेकूही मिळतो. म्हणजे इथे तिजोरीचा फायदा आणि शेतकऱ्याचा फायदा एकाच बाजूला येतो. असे क्वचित घडते, म्हणून ते सोडू नये.

तिसरा खर्च दाराचा. निविदेला अनामत रक्कम हवी, मागच्या वर्षांची मोठी उलाढाल हवी, तशाच पुरवठ्याचा अनुभव हवा. अशा अटींनी दार अरुंद होते. आत शिरणारे दोघे-तिघेच उरले की ते आपसांत ठरवू शकतात. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी खरेदीसाठी 'जेम' नावाचा संगणकावरचा बाजार काढला. राज्याच्या निविदाही आता संगणकावर निघतात. पण दार संगणकावर गेले म्हणून रुंद होत नाही. ठेका एका मोठ्या गठ्ठ्याचा न ठेवता डाळ वेगळी, ज्वारी वेगळी, कांदा वेगळा, आणि जिल्ह्यावार ठेवला तर शेतकऱ्यांच्या कंपन्या त्यात उतरू शकतील.

२०२५ साली माजी खासदार राजू शेट्टी यांनी जाहीर आरोप केला की राज्यातल्या तुरुंगांच्या शिधाखरेदीत बाजारापेक्षा फार चढे दर दिले गेले. आरोप हा आरोप असतो, त्याचा निवाडा चौकशीने व्हायचा. पण असा आरोप करायला जागा राहते याचेच कारण असे की कोठीत माल काय दराने आला हे लोकांना सहज दिसत नाही. दर महिन्याचे दर तुरुंगाच्या दाराशी फळ्यावर लिहिले, शेजारी त्याच दिवशीचा बाजार समितीचा भाव लिहिला, तर अर्धी चौकशी फळाच करील.

भाकरी, कापड आणि कैद्याचा घाम

आता ज्वारीविषयी थोडे. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे झाले. दिल्लीत ज्वारी-बाजरीच्या मेजवान्या झाल्या. त्या मेजवान्यांनी आपली किती पोती उठली? सरकारच्या हातात हजारो माणसांची रोजची पंगत आहे. आठवड्यातून दोन दिवस गव्हाच्या जागी ज्वारी दिली तर ते मेजवानीपेक्षा मोठे काम होईल. अडचणीही आहेत. ज्वारीचे पीठ फार दिवस राहिले की त्याची विरी जाते, भाकरी तुटते. म्हणून पीठ विकत न घेता ज्वारी घ्यावी आणि आतच दळावी. तुरुंगात दळण नवे नाही, दळणाची शिक्षाच एके काळी प्रसिद्ध होती. आता विजेची चक्की बसवली तर तेच काम रोजगाराचे होईल. पावसात सापडून काळी पडलेली खरीप ज्वारी मात्र कोणी तिथे खपवू नये, ना व्यापाऱ्याने, ना आपण.

कापडाचेही असेच आहे. एक क्विंटल कापसातून ३४-३५ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. तुरुंगाचा गणवेश फक्त शिक्षा झालेल्या कैद्याला असतो. कच्चे कैदी स्वतःचे कपडे वापरतात. पण अंथरूण-पांघरूण सगळ्यांना लागते. आपल्या जिल्ह्यात मालेगावला यंत्रमाग आहेत, मालेगाव-नांदगावच्या रानात कापूस आहे आणि नाशिकरोडला तुरुंगाचे विणकाम आहे. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात पेटीचरखा सुधारला, त्याला आजही येरवडा चरखा म्हणतात. कापूस आणि तुरुंग यांचे नाते इतके जुने आहे. मग जिल्ह्याच्या कापसाचे सूत जिल्ह्याच्या तुरुंगातल्या मागावर चढावे आणि तिथल्या चादरी सरकारी दवाखान्यांत आणि वसतिगृहांत जाव्यात, यात अवघड काय आहे? केरळातल्या तुरुंगांनी दोन रुपयांत चपाती विकून दाखवली. दिल्लीच्या तिहार तुरुंगाची बेकरी बाजारात माल विकते.

मात्र एक सावधगिरी. तुरुंगात माल स्वस्त बनतो तो कशामुळे? यंत्र चांगले म्हणून, की मजुरी जवळपास नाही म्हणून? सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले की कैद्याला कामाचा रास्त मोबदला दिला पाहिजे, आणि त्यातला वाटा गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी काढावा. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२३ मध्ये मजुरी वाढवली तेव्हा कुशल कैद्याची दिवसाची मजुरी ७४ रुपये झाली, अकुशलाची ५३ रुपये. त्याच वर्षी राज्यात रोजगार हमीचा दर २७३ रुपये होता. कैद्याच्या राहण्या-जेवण्याचा खर्च वजा धरला तरी हे अंतर मोठे आहे. घामाचे दाम मागणाऱ्या चळवळीने दुसऱ्याच्या घामावर उभी राहिलेली बचत मागू नये.

याच वाटेवर आपल्या राज्याने एक चांगला धडा घालून दिला आहे. औंध संस्थानने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. जन्मठेपेचे कैदी भिंतीशिवाय, बेडीशिवाय, बायकापोरांसह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट या प्रयोगावरून निघाला. आटपाडी म्हणजे माणदेश, पावसाची वाट पाहणारा मुलूख, आपल्यासारखाच ज्वारी-बाजरीचा. तिथे कैद्याने स्वतःची भाकरी स्वतः पिकवली. उंच भिंत, शंभर पहारेकरी आणि ठेकेदाराची डाळ, या तिन्हींचा खर्च एकदम कमी झाला. पैठण, मोर्शी आणि येरवडा इथेही खुली कारागृहे आहेत. ज्यांची वर्तणूक चांगली आहे अशा कैद्यांसाठी अशा जागा वाढवणे ही कोणत्याही निविदेपेक्षा मोठी काटकसर आहे.

सर्वांत मोठी बचत

चौथी जागा माणसांच्या संख्येची. २०२२ सालच्या त्या ५,७३,२२० माणसांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतल्या तिघांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्यात काही भयंकर गुन्ह्यांचे आरोपी असतील, त्यांना आत ठेवावेच लागेल. पण कितीतरी जण केवळ जामीनदार नाही म्हणून आत असतात. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, सातबारा लागतो. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला ओळखणारेही बिनजमिनीचेच असतात. मग तो आत बसतो, त्याचे घर बाहेर उपाशी बसते, आणि त्याच्या दोन वेळच्या जेवणाचे बिल आपण भरतो. न दिलेल्या शिक्षेसाठी तिघांनी भरलेला हा दंड आहे.

कायद्यात वाट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमात सोय आहे. पहिल्यांदाच आरोप झालेल्या माणसाने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावे. इतरांसाठी ती मर्यादा निम्म्या शिक्षेची आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले असलेल्यांना हे लागू नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितले की जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही याचा लाभ द्यावा. गरीब कैद्याच्या जामिनासाठी आणि दंड भरण्यासाठी मदत देण्याची केंद्राची योजना २०२३ सालापासून आहे. एका माणसाला असे सोडवले तर त्याची डाळ, ज्वारी, पांघरूण आणि पहारा सगळेच वाचते. डाळीत किलोमागे एक रुपया वाचवायला महिनाभर फायली फिरतात, इथे एका अर्जाने पूर्ण ताट वाचते.

कोणी म्हणेल, तोंडे कमी झाली तर आपला मालही कमी खपेल. खपू दे. तो माणूस घरी गेला तर घरीही भाकरीच खाणार आहे, आणि ती कमावून खाणार आहे.

आपण काय करायचे

नुसती भाषणे ऐकून घरी जायचे नाही, म्हणून बैठकीपुढे चार कामे ठेवतो.

एक. प्रत्येक तालुक्याने माहितीच्या अधिकारात एक अर्ज करायचा. २००५ चा कायदा आहे, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मागच्या तीन वर्षांत तुरुंगाने ज्वारी, गहू, तूरडाळ, कांदा, तेल, सतरंज्या आणि चादरी काय दराने घेतल्या, बिल किती दिवसांनी दिले, एवढेच विचारायचे. मोघम विचारू नये, मोघम उत्तर मिळते. त्याच महिन्यांचे आपल्या बाजार समितीचे भाव आपण स्वतः काढून शेजारी मांडायचे.

दोन. ज्या गावांत शेतकऱ्यांची कंपनी किंवा बचत गटाची डाळमिल आहे, त्यांनी निविदेची कागदपत्रे एकदा नीट वाचायची. कोणत्या अटीमुळे आपण बाद होतो ते लिहून काढायचे. ती यादी घेऊन कारागृह खात्याकडे आणि आमदारांकडे जायचे. नुसते 'आमच्यावर अन्याय' म्हणण्यापेक्षा 'ही अट, या आकड्याऐवजी हा आकडा' असे सांगितले तर समोरच्याला टाळता येत नाही.

तीन. पुरवठा मिळाला तर तो सांभाळायचा. ठरल्या दिवशी, ठरल्या वजनाचा, चाळून-वाळवून माल द्यायचा. बाजारात भाव चढला म्हणून ठरलेली पोती दुसरीकडे वळवायची नाहीत. एका कंपनीने असे केले की पुढची दहा वर्षे सगळ्या शेतकऱ्यांना दार बंद होते, आणि ठेकेदार हसत आत जातो.

चार. आपल्या गावचा कोणी कच्चा कैदी म्हणून आत असेल, तर त्याच्या घरी जाऊन खटल्याचा नंबर, कलम आणि किती महिने झाले हे लिहून आणायचे. तालुक्याच्या विधी सेवा समितीत वकील फुकट मिळतो. माणूस ओळखीचा असेल, त्याच्याविषयी खात्री असेल, तर सातबारा असणाऱ्याने जामीन राहायला मागे-पुढे पाहू नये. आपल्या सातबाऱ्यावर बोजा चढवायला सगळे येतात. त्याने एखादा माणूस घरी आणता आला तर तोही त्याचा एक उपयोग आहे.

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने दोन कागद घेऊन यायचे. एकावर कोठीचे दर आणि बाजाराचे दर, दुसऱ्यावर आपल्या गावच्या कच्च्या कैद्यांची संख्या, नावे नकोत. त्या दोन कागदांवरून आपण सरकारला सांगू की पैसा कुठे वाचवायचा, आणि कुठे हात लावायचा नाही.

एवढे बोलून आम्ही थांबतो. ज्यांना अर्जाचा नमुना हवा आहे त्यांनी जेवणाआधी व्यासपीठाजवळ यावे.